आखाजीला तोंड माफ

आखाजीला आमच्या गोमाई नदीच्या काठी पुरुषांना जुगार माफ होता आणि बायकांना तोंड माफ होतं. अक्षय्यतृतीयेच्या या सणाला सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी आलेल्या असत. गौराई बोळवायला नदीवर गेल्या की आमच्या गावच्या लेकी या काठाला, समोरच्या गावच्या त्या काठाला उभ्या राहत, आणि मधल्या कोरड्या वाळूवरून एकमेकींना शिव्या घालत. शिव्या भावांवरून. कुणाचा भाऊ नामर्द, कुणाचा भाऊ कुणाच्या दारात रात्र काढतो, सगळं निघे. सासऱ्यासमोर खोकायचीही जिला वर्षभर चोरी, ती त्या दिवशी असे शब्द काढी की निंबाखाली पत्ते कुटणारे बाप्ये डाव थांबवून ऐकत आणि मांडीवर थापा मारून हसत. रीत एकच. काठावर बोललेलं खरं मानायचं नाही आणि घरी न्यायचं नाही.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी दहाएक वर्षांची असेन. माझी थोरली बहीण, आक्का, समोरच्याच गावात दिलेली. तीन वर्षांत तिला दोन पोरं झाली, दोन्ही मेलेली. दुसऱ्या खेपेला सुईणीनं पोराची सोललेली कातडी बघितली आणि आक्काच्या कानात सांगितलं, ही तुझ्या नवऱ्याची गरमी आहे, बाहेरच्या बायांकडून आणलेली. त्याच्या अंगावरचे फोड आक्कानं पाहिलेच होते. वैद्यानंही ओळखलं होतं. पण पाऱ्याच्या गोळ्या त्याला आणि मंतरलेले दोरे हिला. घरात ती पोरखाई, तो बिचारा.

आखाजीला ती आली ती वाळून काटकी झालेली. चुलीपाशी आईला म्हणाली, "माय, माले परत तठे धाडू नको." का, ते मात्र तिला सांगता येईना. आमच्यात बाईच्या अंगाला शब्दच नव्हते. एक शिवी होती, नाहीतर गप्प बसणं होतं. आई म्हणाली, "पोरं देव देस." आणि पुरण वाटायला घेतलं.

मग आक्का नदीवर आली. समोर तिच्या नणंदा उभ्या होत्या, त्या गावच्या लेकी म्हणून. शिव्या रंगात आल्या आणि आक्का पुढं होऊन ओरडली, "तुन्हा भाऊले गरमी शे! मन्हा दोन्ही पोरं तेन्हीच खादात!"

दोन्ही काठ हसले. आमच्या बायका म्हणाल्या, यंदा हिनं बाजी मारली. पलीकडून दुसरी शिवी आली. आक्का परत तेच ओरडली. परत हसले. निंबाखालून कुणीतरी वाहवा दिली. ती तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसतच होते. आज ऐंशीच्या घरात आहे मी, नाती म्हणतात आजी फार तापट. त्या हसण्याची आठवण आली की अजून माझ्या हातातला पेला आपटला जातो.

फक्त एक नणंद हसली नव्हती. धाकटी. लग्नाआधी भावाची धोतरं तीच धुवायची.

घरी आल्यावर आक्कानं आईला विचारलं, "आयकं ना तू?" आई म्हणाली, "नदीवरलं नदीवरच ऱ्हास." दोन दिवसांनी दीर गाडी घेऊन आला आणि आक्काला घेऊन गेला. वडील गाडीला हात लावून उभे होते, जावयाला सांगा कपाशीचं बी पाठवतो म्हणाले. आमच्या शेतात निंदायला भिल्लिणी यायच्या. त्यांच्यात नवरा नकोसा झाला तर बाई उठून जाते, पंच बसतात, लग्नात मुलीसाठी घेतलेलं देज परत करतात, संपलं. त्यांना आमच्या बायका निर्लज्ज म्हणत. लाज राखणाऱ्यांनी आपली लेक गाडीत घालून दिली.

पुढच्या आखाजीला आक्का आली ती तिसरं पोर पुरून. काठावर आली, पण तोंड उघडेना. आमच्याच बायका तिला चिडवायला लागल्या, काय गं, जीभ सासरी ठेवली का? तेवढ्यात समोरची धाकटी नणंद काठ उतरून वाळूत आली. त्या वर्षी तिचंही पहिलं पोर मेलेलं जन्मलं होतं, आणि कारण तिलाही आता ठाऊक झालं होतं. वाळूच्या मधोमध उभी राहून ती ओरडली, "मन्ही वहिनी खरं बोलनी व्हती! मन्हा भाऊले शे गरमी! मन्हा नवराले बी शे!"

कुणी हसलं नाही. पत्ते थांबले. बहिणीनं स्वतःच्या भावावरून बोलावं, हे रीतीत बसतच नव्हतं.

आक्काला न्यायला त्या वर्षी गाडी आली नाही. ती सुटली. धाकट्या नणंदेला भावानं माहेर बंद केलं. आणि महिन्याभरात दोन्ही गावच्या शहाण्यांची बैठक बसली. शहाद्याहून एक शिकलेले गृहस्थ बोलावले. ते सुधारणेवर बोलले, आपल्या भगिनींच्या तोंडी असले अश्लील शब्द शोभत नाहीत म्हणाले. दवंडी पिटली, नदीवरच्या शिव्या बंद. पिढ्यान् पिढ्या मांड्या थापटून ऐकल्या तेव्हा ह्यांना अश्लील वाटल्या नाहीत. खोट्या होत्या ना! जुगार मात्र चालू राहिला.

त्याच उन्हाळ्यात आक्काच्या नवऱ्यानं दुसरं लग्न ठरवलं. मुलगी आमच्याच गावची, मागच्या आळीतली, माझ्यापेक्षा थोडी मोठी, माझ्या झोक्यावर बसणारी. धाकटी नणंद ओरडली त्या दिवशी तिचा बाप निंबाखाली पत्ते खेळत होता. त्यानं कानांनी ऐकलं होतं. आक्का त्याच्या अंगणात गेली आणि सगळं सांगून आली, शिवी न देता, हळू आवाजात. तो म्हणाला, बाईमाणसानं असं बोलू नये. आणि काठावरचं काय खरं धरायचं?

पुढच्या आखाजीला ती नवी नवरी माहेरी आली. नदीवर कोतवाल काठी घेऊन बसवला होता. आम्ही गौराई मुकाट्यानं डबक्यात सोडली. बाकीच्या परत फिरल्या तरी ती समोरच्या काठाकडं बघत उभी राहिली. तिचं पोट दिसायला लागलं होतं.