सहज निघालेले डाग

बादलीकाका लहान बाळांची बाळोती धुवायचे. सकाळी सायकलला पुढे-मागे झाकणाच्या बादल्या अडकवायच्या, घरोघरी जाऊन भरलेली बादली उचलायची, रिकामी ठेवायची, काल धुतलेल्या लंगोटांची चळत दारात द्यायची, की चालले पुढच्या घरी. अशी नऊ घरं होती. धंदा काय हे ऐकलं, की ऐकणाऱ्याचं नाक आपोआप मुरडायचं. आता जो घाण करतो त्याचे सगळे पटापट पापे घेतात आणि जो ती धुतो त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहतात, हा न्याय काकांना कधी कळला नाही. पण त्यांनी त्याबद्दल तक्रारही केली नाही. तक्रार ऐकायला घरात कुणी असावं लागतं.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पहिलं पाणी थंडच हवं. घाईघाईने गरम पाण्यात टाकलं, की डाग कापडात बिऱ्हाड करून राहिलाच म्हणून समजा. आधी बोथट सुरीने खरवडायचं, थंड पाण्यात पिळायचं, मग भिजवायचं, मग उकळायचं. साबण बिनवासाचा हवा, आणि तो जाईपर्यंत तीनदा खळबळायचं, कारण साबण उरला की बाळाच्या मांड्या लाल होतात. कापड मऊ करणारी ती सुगंधी बाटली तर काका दुकानात सुद्धा हातात धरत नसत. त्याने कापड मऊ होतं खरं, पण पाणी शोषायचंच विसरतं, आणि मग लंगोट असून नसल्यासारखा. प्रत्येक घरच्या कापडाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके असत, म्हणजे याचं त्याला जायची भीती नाही. शिवाय एक नियम होता, काकूंनी घातलेला. एका घरच्या कापडाची गोष्ट दुसऱ्या घरी काढायची नाही.

खरं तर हा सगळा व्याप काकूंचाच. दारांवर त्या जायच्या आणि काका मागच्या मोरीत धुवायचे. काकूंना बादली घ्यायला पाच मिनिटं पुरायची नाहीत. त्या आत जायच्या, बाळ मांडीवर घ्यायच्या, नव्या आईला त्रिकोणी घडी शिकवायच्या, मुलगा असेल तर जाडी पुढे घे, मुलगी असेल तर मधे आणि मागे, असं सांगायच्या, आणि दुपारी घरी आल्या की जेवता जेवता सगळ्या बातम्या काकांच्या पानात वाढायच्या. कुणाला दात आला, कुणी पालथं पडलं, कुणाची आजी सुनेशी बोलत नाही. काकांनी त्यातलं एकही बाळ पाहिलेलं नसायचं, पण प्रत्येकाची हालहवाल त्यांना तोंडपाठ असायची. या दोघांना स्वतःचं मूल झालं नव्हतं. त्याचं काय वाटतं हे दोघंही कधी बोलले नाहीत, आणि तशी वेळही यायची नाही, इतकी बाळं त्या घरात रोज बोलण्यातून रांगत असत.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका स्वतः दारांवर जाऊ लागले, पण दारं तीच असली तरी उघडायची मात्र बादलीपुरतीच. बरोबरच होतं म्हणा. अनोळखी पुरुषाला कोण घरात घेणार, आणि त्याच्या हातात बाळ कोण देणार? 'घ्या काका', 'ठेवा काका', झालं. काही दारांवर तर आता तेवढंही नव्हतं. फोनवर निरोप यायचा, 'बादली बाहेर ठेवली आहे.' दिवसभरात काका जेवढं बोलायचे ते सगळं मोजलं असतं तर एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मग ते बाळांच्या बातम्या कापडावरूनच काढू लागले. हिरवट चिकट म्हणजे पहिले दिवस. मोहरीसारखं दाणेदार पिवळं म्हणजे आईचं दूध अंगी लागतंय. घट्ट आणि उग्र वासाचं म्हणजे वरचं सुरू झालं. 'दात येतायत वाटतं याला,' असं ते मोरीत एकटेच म्हणायचे, आणि मग गप्प व्हायचे, कारण पुढचं वाक्य नेहमी काकूंचं असायचं.

यंदा बस ड्रायव्हरच्या घरची बादली नवी लागली. तिसरा मजला, जिन्याला कठडा अर्धाच. ड्रायव्हर लांबच्या गाडीवर होता, दोन-दोन दिवस बाहेर. त्याची बायको पहिलटकरीण, तिची आई आठ दिवस राहून परत गेलेली. तयार डायपरने मुलीला पुरळ उठलं म्हणून तिने काकांना बोलावलं होतं. चोवीस लंगोट ठरले. काकांनी चळत पुढे केली तेव्हा ती दारात तशीच उभी राहिली.

"काका, हे बांधायचं कसं?" तिने विचारलं. "मला कुणी शिकवलंच नाही."

काका क्षणभर गडबडले. मग त्यांनी जिन्याच्या कठड्यावर कापड पसरलं, त्रिकोण केला, आपल्या डाव्या हाताची मूठ त्यावर बाळासारखी आडवी ठेवली आणि उजव्या हाताने बंद बांधून दाखवले. "बोट आत जाईल एवढं सैल ठेवा, ताई. आणि ओलं झालं की लगेच बदला. रडायची वाट बघू नका." तिने दोनदा करून पाहिलं. आत बाळ कुरकुरलं तशी ती पळाली. दार जरा जास्त उघडं राहिलं, आणि काकांना पाळण्याच्या कडेवरून हलणारं एक पाऊल दिसलं. त्या दिवशी जेवताना काकांनी मनातल्या मनात ती बातमी काकूंना सांगितली.

बाळ तीन आठवड्यांचं झालं असेल. त्या घरची बाळोती एकदम सोपी निघू लागली. पहिल्याच थंड पाण्यात कापड कोरं. खरवडायला नको, घासायला नको. काकांनी त्याच आठवड्यात साबणाची वडी बदलली होती, आणि त्यांनी सगळं श्रेय त्या वडीला देऊन टाकलं. थोडं स्वतःच्या हातालाही दिलं. धुणाऱ्याला दुसरं काय हवं? डाग निघाला की तो खूष, का निघाला हे तो विचारत नाही. काका चक्क शीळ घालत धूत होते.

नवव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की तीच वडी बाकीच्या आठ घरी काहीच चमत्कार दाखवत नाहीये. आणि ड्रायव्हरच्या घरची जी कापडं नुसती ओली असायची, जी इतर बाळांची पाण्यासारखी स्वच्छ निघतात, त्यांच्यावर गडद पिवळे डाग होते, आणि ते मात्र हटत नव्हते. काकांनी बादलीतली उरलेली बाळोती बाहेर काढून एकेक उघडली. शी पिवळी नव्हतीच. ओल्या खडूसारखी पांढरट होती. मनात पाल चुकचुकली. जो डाग राहायला हवा तो राहत नाही आणि जो राहू नये तो बसलाय, हे इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. काकू असत्या तर सरळ आत गेल्या असत्या, बाळाचे डोळे उघडून बघितले असते. काका मोरीतल्या पाटावर बसून राहिले आणि त्यांना स्वतःच्या शिळेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात विषय काढला. ड्रायव्हर नेमका घरी होता.

"बाळाची शी पांढरी होतेय," काका म्हणाले. "डॉक्टरांना दाखवा."

"दाखवलंय की," ड्रायव्हर म्हणाला. "जराशी कावीळ आहे, बहुतेक बाळांना असते म्हणे. कोवळ्या उन्हात धरा म्हणाले, जाईल. दूध पिते, वजन वाढतंय. काका, तुम्ही आपली बादली बघा ना."

तो वाईट माणूस नव्हता. रात्रभर गाडी चालवून आला होता, आणि दारात उभा राहून धोब्याने आपल्या मुलीत खोट काढलेली कुणाला आवडेल? काका "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. खाली सायकलपाशी मात्र त्यांचा पाय पायडलवर पडेना. आपण बोललो, आपलं काम झालं, असं म्हणून जाता आलं असतं. पण बोलण्याला किंमत असते ती बोलणाऱ्याची, आणि या दारात आपली किंमत एका बादलीएवढी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी काकूंचा नियम मोडला. बेकरीवाल्याच्या घरची बादली सायकलला होतीच, त्यांचंही बाळ सव्वा महिन्याचंच. त्यातलं एक बाळोतं काढलं, ड्रायव्हरच्या घरचं एक काढलं, पुन्हा तीन मजले चढले आणि बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा जिन्याच्या फरशीवर दोन्ही कापडं, न धुतलेली, शेजारी शेजारी पसरलेली होती. एक हळदीसारखं पिवळं आणि एक पांढुरकं.

"हे काय चालवलंय?" ड्रायव्हरचा आवाज चढला. त्याच्या मागून बाळाची आई आली. तिने खाली पाहिलं आणि ती गुडघ्यांवरच बसली.

"हे पिवळं दुसऱ्या बाळाचं आहे, तुमच्या मुलीएवढंच आहे ते," काका म्हणाले. "असं असायला हवं."

तिने दोन्ही कापडं जवळ ओढून पाहिली. मग तिने मान वर न करता विचारलं, "किती दिवस झाले असं?"

इथे काकांना खोटं बोलता आलं असतं. "दहा," ते म्हणाले. "मला वाटलं, साबण चांगला लागलाय."

तिने ते पांढरं बाळोतं पिशवीत घातलं. अर्ध्या तासात ती दोघं बाळाला घेऊन दवाखान्यात गेली.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर स्वतः काकांचं घर शोधत आला. उभ्या उभ्याच बोलला. शीला पिवळा रंग देणारं पित्त आतड्यात उतरतच नव्हतं, वाटच बंद होती. मोठ्या शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन करायचं होतं. "यात दिवस फार मोलाचे असतात म्हणाले डॉक्टर," तो म्हणाला. "जितकं लवकर तितकं बरं. तुम्ही सांगितलंत म्हणून..." काकांचा हात त्याने जरा दाबला आणि गेला. काकांच्या डोक्यात मात्र त्यातलं एकच वाक्य राहिलं, दिवसांचं. त्यांचे दहा दिवस शीळ घालण्यात गेले होते.

त्यानंतर सात आठवडे तिसऱ्या मजल्याला कुलूप होतं. काका रोज त्या रस्त्याने जायचे, वाटेत नसलं तरी. विचारणार कुणाला आणि कोणत्या नात्याने? शेजाऱ्यांना विचारावं तर ते म्हणणार, तुम्ही कोण त्यांचे? फोनमध्ये नंबर होता. काकांनी अनेकदा 'बाळ कसं आहे' एवढं लिहिलं आणि पुसलं. उत्तर वाईट आलं तर ते घेऊन बसायचं कुणाबरोबर, हा प्रश्न होता. त्या घरच्या चोवीसपैकी काकांकडे राहिलेले बारा लंगोट धुऊन, घडी घालून फळीवर पडले होते. काका आठवड्यातून एकदा ते पुन्हा खळबळून वाळत घालायचे. कापड पडून राहिलं की कोंदट होतं, असं ते स्वतःला सांगत. जेवण त्यांना गोड लागत नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

मग एका सकाळी फोनवर तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला. 'बादली बाहेर ठेवली आहे. बाळ झोपलंय, बेल वाजवू नका.' बाकी काही नाही.

काका जिना चढले तेव्हा त्यांना धाप लागली होती. दार बंद होतं. आतून काही ऐकू येतंय का म्हणून ते थोडा वेळ उभे राहिले. मग फळीवरून बरोबर आणलेली ती चळत दारात ठेवली, बादली उचलली, आणि त्या दिवशी बाकीची घरं तशीच ठेवून सरळ घरी आले. मोरीत बसून झाकण काढलं. वरचंच बाळोतं उघडलं.

पिवळं होतं. जरा हिरवट झाक असलेलं, पण पिवळं, चांगलं जाडजूड, कापडाला घट्ट धरून बसलेलं. काकांनी खरवडलं, थंड पाण्यात पिळलं, चोळलं, भिजवलं, साबण लावला, पुन्हा चोळलं. डाग हटेना. त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हात साबणाचे असल्याने ते पुसताही येईना. "अगं," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

दुःख एकट्याने गिळायची काकांना तीन वर्षांची सवय होती. आनंद एकट्याने कसा गिळायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो छातीत मावेना. त्यांनी ते बाळोतं अंगणातल्या दोरीवर टाकलं, हात पुसले आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने वहीतून मान वर केली.

"काय काका, आज या वेळी?"

काकांनी तोंड उघडलं. सुरुवात कुठून करावी हे त्यांना कळेना. "अहो, पिवळा डाग पडलाय," ते म्हणाले. "कितीही घासा, जात नाही."

"अरेरे," दुकानदार म्हणाला, आणि वळून त्याने वरच्या फळीवरची एक वडी काढली. "ही न्या. दोन धुण्यांत साफ. नाही गेला तर पैसे परत."

काका वडीकडे बघत राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांनी खिशातून पैसे काढून दिले, वडी घेतली, "बरं" म्हणाले आणि घरी आले.

ऊन चांगलं कडक होतं. घासून न जाणारा तो डाग उन्हाने निम्मा उडवलाही होता. तासाभरात कापड कोरं होणार होतं. काकांनी दोरीपाशी स्टूल आणून ठेवलं आणि डाग दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले.