दुसरी वाटी

मी गाव सोडलं त्या सकाळी आर्वीच्या एसटी स्टँडवर आई माझ्या पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा कोंबत होती आणि तो मावत नव्हता. वडील बसच्या टपाकडे बघत उभे होते. माझी ट्रंक नीट बांधली गेली की नाही, एवढीच त्यांना काळजी. पुलगावपर्यंत बस, तिथून रेल्वे, मग पुणे. खडकीच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. आमच्या घरातून इतक्या लांब राहायला जाणारा मी पहिलाच. बस सुरू झाली तशी आई खिडकीपाशी आली. मला वाटलं, सांभाळून राहा म्हणेल, पत्र टाक म्हणेल. ती म्हणाली, "कोनाच्या घरी खाशीन तं विचारून खाजो. अन् कोनाले वाढशीन तं सांगून वाढजो."

मी तेवीस वर्षांचा होतो. दूरदेशी निघालेल्या मुलाला सांगायची ही काय गोष्ट, असं तेव्हा मनात आलं होतं.

गावातल्यांना हे समजावून सांगायला नको, पण जे माझ्यासारखे लवकर बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडे पंगतीत वाढणारा मुकाट्यानं वाढत नसे. माझे वडील गावातल्या लग्नांत भाजीची बादली घेऊन फिरायचे आणि प्रत्येक पानापुढे थांबून म्हणायचे, "वांग्याची हाय, कांदा-लसूण हाय." कोणी माळकरी असे, कोणाचं व्रत असे, कोणी काही सोडलेलं असे. समोरच्यानं पानावर हात आडवा धरला की ते पुढे जात. का नको, हे कोणी विचारत नसे. सांगणं वाढणाऱ्याचं काम, नको म्हणणं जेवणाऱ्याचं. वडील गेल्यावर आईनं तुळशीची माळ घातली. त्याआधीही ती मांस-मच्छी क्वचितच खायची, पण माळ घातल्यापासून ज्या भांड्यात अंडं उकडलं ते भांडंही तिला चालत नाही.

पुण्यात येऊन मला सत्तावीस वर्षं झाली. आता विश्रांतवाडीला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बायको इथलीच आहे. कारखान्यातल्या पहिल्या आठवड्यात मी "मले नाही समजलं" म्हणालो आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. त्यानंतर मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायला लागलो. वर्षभरात सवयच झाली. पुढे आईशी फोनवरही मी इथलंच मराठी बोलू लागलो, आणि ती त्यावर कधी काही बोलली नाही.

आमच्या सोसायटीत दरवर्षी मार्चमध्ये गच्चीवर सगळे मिळून जेवतात. वयस्कर मंडळी त्याला स्नेहभोजन म्हणतात, तरुण पॉटलक. प्रत्येक घरानं एक पदार्थ करून न्यायचा. चार वर्षांपूर्वी मी हौसेनं पाटवड्यांचा रस्सा केला होता, आमच्या पद्धतीचा, वर तिखटजाळ तेलाची तर्री आलेला. चौथ्या मजल्यावरचे जोशीकाका आमचे सेक्रेटरी. त्यांनी एक घास घेतला, रुमालानं कपाळ टिपलं आणि शांतपणे म्हणाले, "उत्तम झालाय. अग्निशामक दलाला कळवून ठेवलंय ना?" सगळे हसले. मीही हसलो. पातेलं जवळजवळ भरलेलंच खाली आणलं. पुढची दोन वर्षं मी बाहेरून ढोकळा आणून ठेवला.

गेल्या वर्षी आई महिनाभर राहायला आली होती. स्नेहभोजनाच्या आठवड्यात बायको नाशिकला गेलेली, म्हणून पदार्थ माझ्याकडेच होता. आई म्हणाली, "मी गुळशेला करून देऊ का? दोन कोहळ्यांत साऱ्यांले पुरते." गुळशेला म्हणजे लाल भोपळ्याच्या, आमच्याकडच्या कोहळ्याच्या, फोडी तुपावर परतून गुळात शिजवायच्या. लहानपणी त्यासाठी मी भावाशी मारामारी केली आहे.

"नको आई," मी म्हणालो. "इथे असलं कोणी खात नाही."

"कोहळं खात नाही?"

"खातात गं. पण असं नाही."

तिनं आणवून घेतलेला भोपळा तसाच फ्रिजमध्ये ठेवला.

मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. फळांचं जेली सॅलड. काचेसारखं पारदर्शक, आत द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे लटकलेले. करून दाखवणारी बाई दर दोन वाक्यांनी "अगदी सोपं" म्हणत होती. आणि खरंच सोपं होतं. शनिवारी मंडईत जाऊन काळी-हिरवी द्राक्षं, डाळिंब, संत्री आणली. ताजा अननस घातला तर जेली धरत नाही असं तिनं बजावलं होतं, म्हणून अननस डब्यातला. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून जिलेटिनचं पाकीट घेतलं. पावडर गार पाण्यात फुगवली, संत्र्याचा रस कोमट करून त्यात विरघळवली, साच्यात फळांवर ओतली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. साचा भोपळ्याच्या शेजारी बसला. रविवारी तो ताटात उलटा केला तर अख्खी जेली न फुटता बाहेर आली. आई बघत होती. म्हणाली, "कसं थरथरते हे. जित्ता जीव असल्यावानी." मी हसलो. त्या वाक्यावर मी नंतर हसू शकलेलो नाही.

गच्चीवर प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी आणि एक टिकली चिकटवायची पद्धत होती. शाकाहारी असेल तर हिरवी, नसेल तर लाल. मी चिठ्ठीवर इंग्रजीत ऐटदार अक्षरात नाव लिहिलं आणि हिरवी टिकली लावली. फळंच तर होती.

जोशीकाकांनी चमचाभर खाल्लं, मग आणखी घेतलं. "अहो, तुम्ही केलंत हे? मला वाटलं यंदाही काहीतरी पेटवणार तुम्ही." मग तिथल्या चौघांना हाक मारून म्हणाले, "या, बघा, आमच्या विदर्भवाल्यांनी काय केलंय. हॉटेलात मिळणार नाही असं." आई जवळच खुर्चीवर बसली होती. तिच्या हातातली वाटी संपत आली होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद जेलीचा नव्हता. माणसं तिच्या मुलाभोवती जमली होती, त्याचा होता.

तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या शेखभाभी ताट घेऊन आल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही पुण्यातच, माझ्यापेक्षा कितीतरी जुन्या पुणेकर. त्यांनी जेलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, यात जिलेटिन आहे का? कुठलं आहे? आम्हाला जरा बघून घ्यावं लागतं हो, म्हणून विचारते."

"कुठलं म्हणजे?"

"हाडा-कातड्यापासून करतात ना ते. चायना ग्रासचं असेल तर चालतं, ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं."

मी म्हणालो, "पाकीट बघून सांगतो." खाली जाऊन पाकीट बघायला तीन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. मला ते न बघताच कळलं होतं. पाकिटाचा जो कोपरा मी कात्रीनं कापला त्यावर मांसाहाराची तपकिरी खूण होती, कापताना ती दिसली होती आणि डोक्यापर्यंत पोचली नव्हती. शेखभाभी "राहू द्या, काही हरकत नाही" म्हणून बाजूला झाल्या.

आणि आई उठून आली. वाटी पुढे करून म्हणाली, "अजून देतं का थोडंसं? लोकं लयच नावाजून राह्यले."

जोशीकाका शेजारी उभे होते. सगळे बघत होते. मला फक्त म्हणायचं होतं, आई, थांब, हे तुला चालणारं नाही. मग ती हिरवी टिकली काढावी लागली असती. आणखी कोणी कोणी खाल्लं ते विचारावं लागलं असतं. पाच मिनिटांपूर्वी मी त्या गच्चीवरचा झालो होतो, तो पुन्हा बाहेरचा झालो असतो. मी मोठा चमचा घेतला आणि आईची वाटी भरली. शेखभाभींनी ते पाहिलं. त्यांनी आईच्या गळ्यातली माळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मग मी "उन्हानं विरघळतंय" असं म्हणून ताट खाली नेलं आणि उरलेलं सगळं ओट्यापाशी सिंकमध्ये ओतलं. गरम पाणी सोडलं तसं ते लगेच वाहून गेलं. द्राक्षं तेवढी जाळीवर राहिली.

आई गावी परतली तेव्हा तो भोपळा फ्रिजमध्येच होता. शेखभाभी जिन्यात भेटल्या की पूर्वीसारख्याच नीट बोलायच्या, आईची तब्येत विचारायच्या. मला तेच जड जायचं. आईचा फोन आला की मी लवकर ठेवायचा बहाणा शोधू लागलो. घरापासून मी सत्तावीस वर्षं लांब आहे, पण तिच्याकडे जायला नको असं पहिल्यांदा वाटलं ते दिवाळीपर्यंतच्या त्या सात महिन्यांत.

दिवाळीला गेलो. सकाळी ती ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. पहिलं वाक्य इथल्या भाषेत सुरू झालं आणि मध्येच कधी "तुले", "मले" व्हायला लागलं ते मला कळलं नाही. ती वाती वळत राहिली. मी थांबलो तेव्हा तिचे हात थांबले.

"कशाच्या हाडाचं?"

"ठाऊक नाही."

"मी किती खाल्लं?"

"दोन वाट्या."

"तुले कवा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. नंतर कळलं, तू गावी गेल्यावर कळलं, असं म्हणता आलं असतं. "पहिली झाल्यावर," मी म्हणालो.

तिनं गळ्यातली माळ बोटांत धरली. मग म्हणाली, "पहिली चुकीनं गेली. ते मी पाहीन. दुसरी तू समजून वाढली. ते तुले पाहा लागन."

"काय करू?"

"एकादशी धरजो."

"किती?"

"ते मी का सांगू? तुले जवा वाटन तवा सोडजो." तिनं पुन्हा कापूस हातात घेतला. थोड्या वेळानं विचारलं, "जिनं विचारलं ती बाई, तिनं खाल्लं का?"

"नाही."

"तिले कोनीतरी शिकवलं हाय," आई म्हणाली. मला वाटतं, त्या दिवशी ती मला टोचून बोलली ते एवढंच. बाकी सगळा निवाडा होता.

येताना तिनं मला एक कोहळं दिलं, आमच्या परसातलं. पुण्याला पोचल्यावर मी आधी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की मार्चमधल्या माझ्या पदार्थात प्राण्यापासून केलेलं जिलेटिन होतं, ते मला जेवण चालू असतानाच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही, माझी चूक झाली. दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी जोशीकाकांचं उत्तर आलं : "कळविल्याबद्दल आभार. पचून सात महिने झाले." त्यानंतर जिन्यात ते मला बघून न बघितल्यासारखं करतात. ते कडक शाकाहारी आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

रविवारी मी गुळशेला केला. आईला फोनवर चार वेळा विचारून केला. डबा घेऊन शेजारची बेल वाजवली. शेखभाभींनी दार उघडलं. मी दारातच उभा राहून, वडील बादली घेऊन पानापुढे थांबायचे तसा थांबून, सांगितलं : "लाल भोपळा आहे, आमच्या परसातला. गूळ, गाईचं तूप, वेलची, थोडं खोबरं. आणखी काही नाही."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "आईंनी पाठवला?"

"भोपळा तिनं. केला मी."

"मग या की आत," त्या म्हणाल्या. "तुम्हीही घ्या थोडा."

मी पानावर धरतात तसा हात आडवा धरला. "मला आज निर्जळी एकादशी आहे," मी म्हणालो. का, ते त्यांनी विचारलं नाही.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आता पुणंच घर झालं का. मला नक्की सांगता येत नाही. आर्वीतही मी आता पाहुण्यासारखा जातो आणि इथल्या गच्चीवर यंदा माझ्याजवळची खुर्ची रिकामी होती. एवढं मात्र कळतं, की ज्या दारात मी काय आणलंय ते सगळं सांगून उभा राहू शकतो, ते दार मला घरासारखं वाटतं. असं दार सध्या गावी एक आहे आणि इथे एक. एकादशी मी अजून धरतो. सोडावीशी वाटलेली नाही.