पाचटाच्या झोपडीतली सुमित्राक्का

झोपडी पेटली तेव्हा चार वर्षांची सुमित्रा आत होती आणि तिचा बाप दाराबाहेर उभा होता. कॅमेरावाल्याने हात वर केल्याशिवाय त्याने आत जायचं नव्हतं. हात वर व्हायला उशीर झाला... तो उभाच राहिला.

ती सुमित्राक्का गेल्या महिन्यात गेली. शंभरीला टेकली होती. निपाणीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिचे वडील मूकपटातले मोठे नट. जळत्या झोपडीतून लेकीला उचलून आणतानाचा त्यांचा फोटो गावात घरोघरी असायचा. खऱ्या आगीत शिरलेला बाप म्हणून लोक हात जोडायचे. पडद्यावर ती ओरडताना दिसायची, आवाज नाही. लोक म्हणायचे, एवढीशी पोर, पण काम काय करते!

आक्का बोलली ती म्हातारपणी. एका सभागृहाला वडिलांचं नाव द्यायचं ठरलं, फोटोवरचा पडदा तिच्या हातून सरकवायचा होता. तिने तो सरकवला आणि माईक मागून घेतला. चुलीपुढे बसून सांगावं तसं सांगितलं. पहिल्या दिवशी झोपडी शाकारली होती उसाच्या ओल्या पाचटाने. नुसता धूर झाला, ती हसत बाहेर आली, चित्र काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी वाळलेलं पाचट घातलं आणि बापाने तिला पुन्हा आत बसवलं.

"माझा बा उसाच्या रानातला. तोडणी झाली की दरसाल पाचट पेटवायचा. वाळलं पाचट कसं भडकतं, ते शिनेमाच्या कंपनीवाल्यास्नी ठावं नव्हतं. त्याला ठावं हुतं."

मग तिने बाही वर केली. कोपरापासून वरचं ते गोळा झालेलं कातडं मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. फोडणीचं तेल सांडलं, असंच ती आम्हाला सांगायची.

कार्यक्रमवाले घामाघूम. एकजण हळूच म्हणाला, "आक्का, आता ते कशाला काढताय? देवमाणूस हुता."

"व्हय की. त्यानंच बाहीर काढलं मला. नाव द्या, फोटो लावा. खाली एवढं बी लिवा."

त्यांनी लिहिलं नाही, नावही दिलं नाही. फोटो रिक्षातून तिच्या घरी परत आला. बापाच्या नावाला काळं फासलं म्हणून भाऊबंदांनी बोलणं टाकलं. पस्तावलीस का, असं मी एकदा तोंडावर विचारलं. "न्हाय गं," म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. फोटो मात्र तिने चुलीसमोरच्या भिंतीवर लावला. रोज पदराने पुसायची, आधी बापाचं तोंड, मग बाकीचं. "लई देखणा हुता," म्हणायची. एवढं सगळं एका बाईच्या पोटात कसं मावत होतं... मला अजून कळलेलं नाही.

आता तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. सकाळी मी पुसते. खाली नटाचं नाव ठळक रंगवलंय, कडेवरच्या पोरीचं नाही. ती पोर सुमित्रा. त्या आगीतून ती वाचली.