खजुराच्या बियांचा गडगा

इथं आखातात, जिदहफ्सच्या बाजारात ओला खजूर आला की मला अजून बिया टाकवत नाहीत. पिवळे घोस खोक्यांत मांडलेले, खाली ओलं गोणपाट, वर माश्या, आणि सगळ्यावर तो गुळासारखा, जरा आंबूस वास. परवा दुकानदारानं चवीला एक दिला. बी तोंडात घोळवत घरी आलो आणि धुऊन खिडकीत वाळत टाकली. सून म्हणाली, "बाबा, हे काय?" म्हटलं, "राहू दे, टाकतो नंतर." टाकली नाही. आता खिडकीत सात बिया झाल्यात. अशा बिया कातरणारी माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही कशीबशी. संगमेश्वराकडचं गाव सोडलं ते इथल्या फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारत म्हातारा झालो. आता मुलाच्या व्हिसावर राहतो. ज्या देशात रूळ म्हणून कधी दिसला नाही, त्या देशात मी आगगाडीच्या कामाला लागलो, हे सांगितलं तर लोक हसतात. अरादला एक आयरिश साहेब राहायचा, विमानाच्या इंजिनांचा इंजिनियर, एकटा. आमची ही त्याच्याकडे सकाळी दोन तास स्वयंपाकाला जायची. एकदा येऊन म्हणाली, "अहो, त्या साहेबाला एक मोठं टेबल हवंय. वर गाडी चालवायचीय म्हणतो. माणूस बरा आहे, डोकं तेवढं जरा फिरलेलंय." मी गेलो. बारा फूट लांब टेबल त्याच्या माडीवरच्या खोलीत बसवून दिलं, खिळ्यांनी, स्क्रूंनी, सरसानं, एकजीव. तिथं जी चूक केली ती मला नंतर कळली.

त्याच्या गावातून आगगाडीची एक फाट्याची लाइन जायची. त्याचा बाप त्या लाइनीवर फाटक सांभाळायचा. हा सात वर्षांचा असताना लाइन बंद झाली, रूळ उचलून भंगारात गेले, स्टेशनात कुणी गुरं बांधली. आता गावातली म्हातारी माणसं वर्गणी काढून ते स्टेशन पुन्हा उभं करत होती, अर्धा मैल रूळ हातानं टाकत होती. हा इथं बसून तीच लाइन हातभर उंचीच्या टेबलावर करत होता. दुकानात खेळण्यातले रूळ मिळतात, पण ते इंग्लंडच्या मापाचे. आयर्लंडात दोन रुळांमधलं अंतर मुळात जास्त. खेळण्यात तो फरक साडेचार मिलिमीटरचा. मी म्हटलं, "साहेब, इथं कोण फूटपट्टी घेऊन येणार आहे?" तो म्हणाला, "मिस्त्री, मी येणार आहे." मग मी रुळांखालचे काडीएवढे स्लीपर कापायचे आणि त्यानं भिंग लावून एकेक रूळ डाग देऊन जोडायचा. स्टेशनाजवळ गाडी बाजूच्या रुळावर वळते, तो सांधा एकट्यानं त्याची दोन वर्षं खाऊन गेला. शुक्रवारी सकाळी मी गेलो की हा वाकलेलाच असायचा, डोळ्यांतून पाणी गळत असायचं. गंमत अशी की सगळं नवंकोरं करून झाल्यावर तो त्यावर गंज रंगवायचा, काजळी फासायचा. मी आयुष्यभर जुनं लाकूड घासून नवं केलं, आणि हा उलटा. पण एक सांगतो, त्यानं रंगवलेला गंज बघून मला माझ्या गावच्या विहिरीचा रहाट आठवला. खोट्या गंजानं अशी आठवण येत नाही.

टेबलाच्या मधोमध साहेबाला एक चढाचं रान हवं होतं, दगडी बांधांनी आखलेलं. त्यानं जुना फोटो दाखवला. ही भाजी चिरता चिरता आली, हात पुसत वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा तर आपला गडगा." खरंच तसाच होता. दगडावर दगड, मध्ये ना चुना ना माती. आमच्या कोकणात घराघराच्या परड्याला असतो तो. त्या दिवसापासून ते रान तिचं झालं. दगड कशाचे करावे हे साहेबाला दोन महिने सुचत नव्हतं, हिनं खजुराच्या बिया वाळवल्या, आईकडून आणलेल्या अडकित्त्यानं कातरल्या, तांदळाच्या कणीएवढे तुकडे केले. तांदूळ निवडत बसावं तशी बसायची, चष्मा नाकावर, मांडीवर सूप. एकेक तुकडा फिरवून बघायचा, बसला तर ठेवायचा, नाहीतर दुसरा. मी म्हटलं, "अगं, गोंद लाव आणि मोकळी हो." म्हणाली, "तुमचा बाप लावत होता का गडग्याला गोंद?" साहेब मागाहून गुपचूप ड्रॉपरनं पातळ गोंद सोडायचा. तिला ठाऊक होतं, बोलली नाही.

एका गडग्यात तिनं हातानं मोजून वाट सोडली. साहेबानं फोटो भिंगाखाली धरला. "फोटोत वाट नाही." ही तिच्या हिंदीत म्हणाली, "साब, गाय क्या उडके जायेगी?" साडेचार मिलिमीटरसाठी डोळे फोडणारा तो माणूस उठला आणि त्यानं फोटो खणात ठेवला. वाट राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात हिच्या छातीत दुखलं. तीन दिवस. त्या तीन दिवसांचं मी लिहिणार नाही. आमच्या घरात तिच्या साड्या राहिल्या, डबे राहिले, पण ते सगळं विकत आणलेलं. तिच्या हातानं घडलेलं म्हणावं असं या मुलखात एकच होतं, ते रान. मी शुक्रवारी जाऊन नुसता त्याच्यासमोर बसायचो. साहेब चहा ठेवून निघून जायचा.

मग साहेबाची नोकरी संपली, परतायचं ठरलं. टेबल गावच्या त्या स्टेशनात, वेटिंग रूममध्ये मांडायचं होतं. मी टेप घेऊन गेलो, दोनदा मोजलं. बारा फुटांचं एकजीव टेबल बाहेरच्या बोळात वळेना. तुकड्यांत बांधायला हवं होतं, शिकाऊ पोराला कळतं ते मला कळलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की हा माणूस इथंच मरणार. साहेब म्हणाला, "मधून काप." मधून म्हणजे रानातून. मी म्हटलं, "इकडून चार फुटांवर कापतो. आठाचा तुकडा वळेल, मोजलंय." तिथं स्टेशन होतं, आणि बरोबर त्याचा सांधा.

"मिस्त्री, सांधा पुन्हा होणार नाही. माझे डोळे खलास. रान काय, पुन्हा करता येतं."

"कोण करणार?" मी म्हटलं.

जरा जोरातच म्हणालो असेन. तो खाली निघून गेला. मी करवत मांडीवर घेऊन बसलो. वाटलं, त्याची वस्तू, त्याचा बाप, त्याचं गाव, मी कोण? वर आला तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल होती. स्टेशनाची इमारत त्यानं अलगद उचलून बाजूला ठेवली, सांध्याच्या बरोबर मधून रेघ मारली आणि म्हणाला, "इथून घाल. मी बघत नाही." खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी करवत घातली. रुळाला पातं लागलं तसा त्याचा खांदा हलला. रान एका अंगाला शाबूत राहिलं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, व्हिडिओसकट. टेबल मांडलंय, गाडी चालते, हिचं रान आलं की लोक वाकून बघतात. पण सांधा त्याला पुन्हा जमला नाही. गाडी सरळ निघून जाते, बाजूच्या रुळावर चार डबे आहेत तिथंच उभे. कुणी विचारलं तर तो सांगतो, ती लाइन बंद पडली. माझं नाव काढत नाही. मी विचारलं, "साहेब, राग आहे?" तो म्हणाला, "मिस्त्री, बंद लाइनींची मला सवय आहे."

ती गेली तेव्हा मी देवालासुद्धा बोल लावल्याशिवाय सोडलं नव्हतं, मला वाटायचं नुकसान एकट्या माझंच झालं. आता वाटतं, गेलेल्या माणसाचं काही मागं उरतं तेव्हा ते आपोआप उरत नाही. कुणीतरी आपल्यातलं कापून त्याला जागा करून देतं, आणि वर बोलत नाही. तो व्हिडिओ मी सुनेला लावायला सांगतो. ते चार डबे दिसले की मी मान खाली घालतो. मग पुढं रान येतं, तेव्हा वर बघतो.