वरच्या वाडीतले दोन शंकरकाका

शंकरकाका गेले हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

लिहिताना लाज वाटतेय. पण झालं ते असंच.

त्या दिवशी सकाळी आमचा टेम्पोवाला दुकानात येऊन म्हणाला, "गुंजवण्याच्या वरच्या वाडीतले शंकरकाका गेले."

त्या वाडीत शंकरकाका दोन. चुलतभाऊ. आजोबा गेले, आणि दोन्ही मुलांनी आपापल्या पोराला त्यांचंच नाव ठेवलं. एक रामाचा शंकर, एक रावजीचा शंकर.

रामाचे शंकरकाका वर्षभर आजारी होते. म्हणजे तेच असणार.

माझे नव्हेत. माझे म्हणजे रावजीचे.

ते माझे कसे झाले, तेही सांगते.

मी कापूरहोळला शेती अवजारांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. दोन वर्षांपूर्वी शेठनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि म्हणाले, "कस्टमरची लिस्ट क्लीन कर. एकेक माणूस चार-चारदा आलाय."

मी डुप्लिकेट शोधायला बसले.

शंकर आर. दोनदा आलेलं. आडनाव तेच, वाडी तीच, मोबाईल नंबरसुद्धा तोच.

मर्ज. एका क्लिकमध्ये दोघांची एकच नोंद.

रावजीच्या शंकरकाकांकडे मोबाईलच नव्हता. बिलावर ते भावाचा नंबर द्यायचे. हे मला कुठं माहीत?

दोघांनी आमच्याकडून गवत कापायचं मशीन घेतलं होतं. एकाच मॉडेलचं. त्या पावसाळ्यात कंपनीचा मेल आला, पात्याचा नट सैल होतोय, गिऱ्हाइकांना बोलवा, बदलून द्या, तोवर मशीन वापरू नका म्हणावं.

मी लिस्ट काढून सगळ्यांना फोन केले. शंकर आर., एक मशीन. रामाचे शंकरकाका आले, नट बदलून गेले. मी टिक केली.

पंधरा दिवसांनी दुसरे, रावजीचे शंकरकाका दारात उभे. पोटरीला बँडेज, हातात काठी. मशीन एसटीतून आणलेलं.

"पोरी, ह्येचं पातं निसटलं बग. दुरुस्त हुईल का?"

भांडायला आले नव्हते. खरंच विचारत होते.

मी जुनी बिलबुकं काढली. दोन बिलं. दोन मशीनं.

शेठ हळूच म्हणाले, "आपली चूक आहे असं बोलू नकोस."

पण मी बोलून गेले. सगळं. रडत रडत.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हंजी काम्प्युटरमदी आमी दोघं एकच मानूस व्हय?"

"हो काका."

"आज्याला लई बरं वाटलं आसतं," म्हणाले आणि हसले. मग पोटरीकडं बघितलं.

"पन पोरी, आनखी किती जन आसं एक केल्यात तू?"

मी लिस्ट परत उघडली.

तेव्हापासून बाजाराला आले की ते दुकानात यायचे. स्टुलावर बसायचे. मी नाव वाचायची, ते माणूस सांगायचे.

"ह्यो न्हाई आता हितं. पानशेतला पोराच्या हाटेलात आसतो."

"ही दोन न्हाईत, एकच हाय. टोपननाव लिवलंय कुनीतरी."

एकदा एक नोंद आली, गिऱ्हाईक वारलेलं. मी बंद करत होते.

"बंद नगं करू. मशीन त्याची बायको चालवती. तिचं नाव लिव की."

"काय नाव त्यांचं?"

काका विचारात पडले. "आमी तिला बाळूची आईच म्हनतो. थांब, इचारून येतो."

पुढच्या बाजाराला नाव घेऊन आले.

तर टेम्पोवाला सांगून गेला, त्या दिवशी मी फोन लावला. दोघांचा मिळून माझ्याकडं नंबर तो एकच, रामाच्या शंकरकाकांचा. रामाचे शंकरकाका गेलेत म्हणजे आता माझे काकाच उचलणार, असं मी धरून चालले.

"हॅलो, शंकर बोलतोय."

"काका, तुमच्या भावाचं कळलं. फार वाईट झालं."

"व्हय पोरी."

"सांभाळा स्वतःला. तुम्ही आहात म्हणून बरं वाटलं."

"पोरी, म्या रामाचा. तुज्या दुकानात यायचा त्यो गेला. बांधावर बसला व्हता, तसाच आडवा झाला."

मी रडायला लागले.

"रडू नगं. सकाळधरनं समदे मीच गेलो समजून ऱ्हायलेत. तुजं एकटीचं न्हाई."

ज्या माणसाच्या मरणानं मला हायसं वाटलं होतं, तोच मला धीर देत होता.

परत त्याच दोन माणसांत चुकले. इतकं सगळं शिकून. कसं, ते मला अजून समजत नाही.

आज दहाव्याला जाऊन आले. काकूंनी विचारलं, "तू कोन गं?" "दुकानातली," म्हणाले.

"तूच व्हय ती! त्यास्नी वाचाय येत न्हवतं, पन तुज्याकडं जायचं म्हनलं की कापडं बदलून निगायचे."

वाचता येत नव्हतं. दोन वर्षं शेजारी बसले आणि मला पत्ता नाही.

निघताना रामाचे शंकरकाका ओट्यावर बसले होते. "आता एकच शंकर ऱ्हायला. एक करून टाक काम्प्युटरमदी."

"नाही काका. दोन आहेत, दोनच राहतील."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी बोलले ते त्यांना लागलं की बरं वाटलं, काही कळलं नाही. मग त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो.

शंकर रावजी, वरची वाडी, गुंजवणे.

काका, भरल्या डोळ्यांनी तुम्हाला निरोप.