बीकॉमचं घोंगडं

आमच्या सुमनची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुपारी एका लाल स्लीपिंग बॅगवर फुटली. नायलॉनची बॅग, डाव्या अंगाला लांबलचक चेन, आणि पायथ्याशी आमच्या कारखान्यातल्या देवधर साहेबांचं नाव मार्करनं लिहिलेलं. आमच्या अख्ख्या भावकीत आजवर कुणाची सुपारी अशी फुटली नव्हती. याचं सगळं श्रेय माझ्या शिक्षणाला जातं.

आधी शिक्षणाविषयी सांगतो. (ती संधी मी सहसा सोडत नाही.) आम्ही कासुर्डीचे धनगर. आजोबांची हयात मेंढरांमागं गेली. मी चौथीत असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी मेंढरं विकून टाकली, विहिरीवर मोटर बसवली, कांदा लावला आणि मला सांगितलं, "तू फकस्त पुस्तक धर. काठी धरायची न्हाई." मी पुस्तक धरलं आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. बी.कॉम., सेकंड क्लास! आप्पांनी गावभर पेढे वाटले. कुणी विचारलं, "बीकॉम म्हंजी वो काय?" की आप्पा म्हणायचे, "बीकॉम म्हंजी बीकॉम!" पुढं कुणी विचारायची हिंमत केली नाही, हे बरं झालं. नाहीतर मलाच बोलावणं आलं असतं.

मेंढरं गेली, पण घरात एक घोंगडं राहिलं. लोकर आमच्याच मेंढरांची, सूत आजोबांच्या हातचं. काळंकुळकुळीत, उन्हात ठेवलं तरी पावसाचा वास येणारं. घरात सुपारी असो नाहीतर हळद, पहिलं ते घोंगडं पसरायचं, त्यावर तांदळाचा चौक भरायचा, आणि मगच पुढचं बोलायचं. गाद्या आल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, पण घोंगड्याची जागा कुणी घेतली नाही.

आता देवधर साहेब. शिक्रापूरजवळच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरला लागलो, तिथले ते पर्सोनेलचे साहेब. पुण्यातले, सज्जन, आणि डोंगराचं भारी वेड. एका डिसेंबरात त्यांनी आम्हा आठ-दहा जणांना ट्रेकला न्यायचं ठरवलं. वेल्ह्याच्या पुढं, घाटमाथ्यावर. नोटीस बोर्डावर कागद लागला : 'डोंगरातील लोकसंस्कृतीचा अनुभव. मुक्काम धनगरवाड्यात.' खाली नियम होते. नियम क्रमांक एक : 'स्थानिक परंपरांचा आदर करावा.' तो कागद मीच टाईप केला होता. हे लक्षात ठेवा.

'धनगरवाडा' वाचल्याबरोबर माझी छाती दोन इंच फुगली.

"साहेब, ते तर आपलेच लोक. तुम्ही काळजीच करू नका. मी सगळं समजावून सांगतो."

"अरे वा! म्हणजे तू आमचा गाईड!"

गाईड झालो म्हटल्यावर गाईडसारखं दिसायला नको? मी पेटीतनं घोंगडं काढलं. आप्पा दारातच उभे.

"कुठं निघालास घोंगडं घिऊन?"

"डोंगरात. थंडी असते तिथं."

"आरं, बुधवारी सुमीची सुपारी हाय. पावण्यांतला म्हातारा लई जुन्या वळणाचा हाय. घोंगडं न्हाई दिसलं तर उठून जाईल."

"आज शनिवार. उद्या संध्याकाळी घोंगडं घरात. अहो आप्पा, बीकॉम झालेल्या माणसाला एक घोंगडं सांभाळता येत नाही का?"

आप्पा दारातनं बाजूला झाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चढ सुरू झाला तसं माझं व्याख्यानही सुरू झालं. मेंढरं कशी चालतात, पुढचा एडका कसा वाट धरतो, कुत्री कशी राखण करतात... सगळं ऐकीव! मी आयुष्यात शेवटचं मेंढरू धरलं तेव्हा हाफ चड्डीत होतो, आणि त्यानं मला पाडलं होतं. पण साहेब वहीत लिहून घेत होते, त्यामुळं मला थांबता येईना.

"आता वर पोचलो की शे-दोनशे मेंढरं दिसतील बघा," मी म्हणालो.

वर पोचलो. चार घरं, कारवीच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. आणि समोर म्हशी. इकडं म्हशी, तिकडं म्हशी. मेंढराचं नाव नाही!

अंगणात एक म्हातारी बसली होती. ठकूआजी. तिच्याच घरी आमचा मुक्काम होता.

"आजी, मेंढरं कुठं गेली?" मी आपुलकीनं विचारलं.

"कुनाची?"

"तुमची."

"मेंढरं? हितल्या पावसात? खुरं सडून मरत्याल की, बाबा! आमी म्हशीवालं धनगर. तुमी कुठलं म्हनायचं?"

"मी बीकॉम," मी म्हणालो. (गाव विचारलं होतं, हे मला नंतर समजलं. सवय!)

"आसंल बाबा," आजी म्हणाली. "बसा."

साहेबांनी वहीतली तीन पानं शांतपणे खोडली.

गेलेली अब्रू परत कशी मिळवावी, या विचारात मी असतानाच गोठ्यातनं आरडाओरडा झाला. म्हैस व्यायला लागली होती. दिवस मावळायला आलेला, वारा असा की कानाच्या पाळ्या जागेवर आहेत का ते चाचपून बघावं. आम्ही सगळे गोठ्याच्या तोंडाशी. पारडी झाली. काळी, ओलीचिंब, आणि थंडीनं अशी थरथरत होती की उभीच राहीना. आजीचा लेक तिला पेंढ्यानं चोळत होता.

"गोनपाट आना रं कुनीतरी! गारठलीया पोर!"

साहेबांनी कॅमेरा वर केला होता. माझ्या खांद्यावर घोंगडं होतं. गोणपाट चार पावलांवर पडलं होतं, मला दिसतही होतं. पण गोणपाट आणणाऱ्याचा फोटो कोण काढतो? मी खांद्यावरचं घोंगडं झोकात काढलं आणि पारडीच्या अंगावर टाकलं!

"वाहवा!" साहेब म्हणाले, आणि फ्लॅश चमकला. "हीच ती संस्कृती!"

खरं सांगतो, दहा मिनिटांत पारडी उभी राहिली. पडली, उठली, परत पडली, आणि आईला लुचायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठकूआजी आली, घोंगड्यावर भंडाऱ्याची चिमूट टाकली, पारडीच्या पोटाखालनं त्याची टोकं घेऊन पक्की गाठ मारली, आणि माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"देवानंच धाडलं बग तुला. आता पाचवीपतूर ह्ये काढायचं न्हाई."

माझं हसू जागच्या जागी गोठलं. "म्हणजे?"

"म्हंजी पाच दिस. जल्मल्यावर आंगावर पडल्यालं पांघरून पाचवीच्या आत काढलं तर म्हस दूध चोरती. आमच्या सासूनं एकदा काढलं व्हतं..."

"पण आजी, मला उद्या सकाळी न्यायचंय. शास्त्रीय दृष्ट्या बघितलं तर पांघरूण आणि दूध यांचा..."

"म्हस तुजी हाय का माजी?"

"तुमची."

"मग?"

मी बोटं मोजली. शनिवारी जन्म, म्हणजे पाचवी बुधवारी. तीही संध्याकाळी. आणि सुमनची सुपारी बुधवारी सकाळी! मी केविलवाण्या नजरेनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नियम क्रमांक एक," ते म्हणाले.

रात्री माझे दात वाजायला लागले, तेव्हा साहेबांनी आपली स्लीपिंग बॅग मला दिली आणि स्वतः आजीच्या गोधडीत झोपले. सकाळी म्हणाले, "घरी घेऊन जा, सावकाश आण." ती बॅग मी चादरीत गुंडाळली. बाहेरनं बघणाऱ्याला हुबेहूब घोंगड्याची वळकटी!

रविवारी घरी आलो तर आप्पा ओसरीवर.

"आनलं का?"

"आणलं." (काय आणलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.) वळकटी पेटीत ठेवली आणि पेटीवर बसलो.

सोमवारी कामावरनं सुटलो आणि शिक्रापूरच्या चौकात ब्लँकेटवाल्याकडं गेलो. काळं, साधं काही मिळेल म्हणून. त्याच्याकडं होती फक्त वाघाच्या चित्राची.

"ले जाओ भाईसाब, असली शेर है! रात को लगेगा बगल में सोया है."

पिढ्यान्‌पिढ्या वाघ-लांडग्यांपासून मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी, आणि तिच्या सुपारीला खाली वाघ! तसाच माघारी फिरलो. मंगळवारी रजा मागितली तर स्टोअरमध्ये माल मोजायचा निघाला. अख्ख्या घरात ही गोष्ट मी फक्त सुमनला सांगितली. ती तांदूळ निवडत होती.

"दादा, खरं सांग, चेष्टा करतोयस ना?"

"नाही गं."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला ह्ये स्थळ पसंत हाय, दादा," एवढंच ती हळू बोलली, आणि परत सूप उचललं. मला त्या रात्री त्या उबदार बॅगेतसुद्धा झोप लागली नसती.

बुधवार उजाडला. दहा वाजता पाहुण्यांची जीप आली. सगळ्यांच्या पुढं मुलाचे आजोबा, आबा. तांबडं पागोटं, पांढऱ्या मिश्या, आणि मेंढरं विकून वीस वर्षं झाली तरी हातात काठी. ओसरीवर आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. खाली बघत राहिले.

"घोंगडं पसरा," आबा म्हणाले.

"आण रं," आप्पा म्हणाले.

मी वळकटी आणली. वाटलं, चादरीसकट पसरावी. पण चादरीची गाठ सुटली आणि नायलॉनला कोंडलेलं सहन होत नाही. ती लालभडक पिशवी फुस्स करून फुगली आणि पायरीपर्यंत लोळत गेली! चेन घासल्याचा आवाज ओसरीवरच्या शेवटच्या बाईपर्यंत गेला.

"ह्ये काय?" आप्पांचा आवाज.

"झोपायची पिशवी."

"घोंगडं कुठाय?"

दाराआड सुमन उभी होती. बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणजे श्वास धरून उभी होती. बी.कॉम.ला थाप कशी मारायची हा विषय नव्हता, हे तेव्हा फार जाणवलं.

"पारडीच्या अंगावर हाय," मी म्हणालो. (घाबरलो की माझं शिक्षण पहिलं पळून जातं.) आणि सगळं सांगून टाकलं. डोंगर, म्हशी, वारा, गोणपाट, फोटो, पाचवी. गोणपाट मला दिसलं होतं, हेसुद्धा सांगितलं.

आप्पांनी कपाळाला हात लावला. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"जित्राब जगलं का?"

"जगलं, आबा. दहा मिनिटांत लुचायला लागलं."

"मग घोंगडं जाग्यावरच हाय की!" आबा म्हणाले. "मान्सांच्या बुडाखाली घालाया मेंढरांनी लोकर दिल्ती व्हय? पसर ती पिशवी!"

दाराआड बांगड्या वाजल्या.

पण नायलॉन ते नायलॉन. तांदळाचा चौक भरला की घसरून मध्ये ढीग व्हायचा. सुपारी ठेवून आबांनी दगड हाणला, तर सुपारी सुटली ती थेट बाजेखाली! दुसऱ्यांदा हाणला, तर गेली नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या बुटात. आमची आत्या कुजबुजली, "पोरीचं नशीब लई चपळ हाय, बाई." शेवटी मी पोटावर पालथा पडून पिशवी दोन्ही हातांनी ताणून धरली, आप्पांनी माझे पाय धरले, आणि तिसऱ्या घावाला सुपारी फुटली.

आबा उठताना म्हणाले, "पर लग्नाला नवरदेव त्याच घोंगड्यावर बसंल. ध्यान ऱ्हाऊं दे."

मग काय, रविवारी परत डोंगर. या वेळी व्याख्यान नाही. ठकूआजीनं घोंगडं धुऊन, वाळवून ठेवलं होतं. एक कोपरा पारडीनं चघळलेला, बाकी शाबूत. वर तुपाचा डबा.

"पारडीचं नाव ठिवलंया," आजी म्हणाली.

"काय?"

"बीकॉम. तूच म्हनला व्हतास ना, मी बीकॉम म्हनून? म्हनलं, चांगल्या मान्साच्या नावानं वाढू दे."

मी घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही. सुमनचं लग्न त्या घोंगड्यावर झालं, चघळलेला कोपरा आबांनी मुद्दाम पुढं ठेवायला लावला. देवधर साहेबांची बॅग धुऊन परत केली. सुपारीत सांडलेल्या हळदीचे डाग काही गेले नाहीत.

चार-पाच वर्षांनी आजीचा लेक पुण्याला काही कामाला आला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडं आला. आप्पांनी ओसरीवर घोंगडं पसरलं, चहा दिला.

"वर समदी बरी हायत ना?"

"बरी हायत की! बीकॉम बी औंदा व्याली. दोन्ही येळचं मिळून पाच लिटर देती."

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. एकदा पाहुण्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी स्टोअरची ड्यूटी करून नुकताच आलो होतो आणि आईनं कांदा भरू लागायला बोलावलं तर 'दमलोय' म्हणून भिंतीला टेकलो होतो.

"नशीब हाय तुमचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमच्या हितला नुसता चारा खातो."