कान्हा शेठच्या कपाळावरची अक्षता

भिवंडीला कुणी फिरायला जातं का, असं नवऱ्याने विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, कल्याणला रिक्षावाल्यानेही विचारलं. अहो, मी फिरायला चाललेच नव्हते. मी माझ्या यमुनाआत्याला मत कुणाला द्यायचं ते समजवायला चालले होते.

झालं असं की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्याचा आवाजी निरोप आला. भिवंडीजवळच्या तिच्या गावात आता गोदामंच गोदामं आहेत आणि मधोमध तिचं भाताचं एक खाचर उरलंय. गोदामाच्या रस्त्यासाठी मातीचा भराव टाकला, त्यात खाचराचं पाणी बाहेर काढणारी मोरी बुजली. मागच्या पावसात भात जागेवर कुजला. यंदाही कुजला तर विकून टाकू, असं तिचा मुलगा म्हणतोय, आणि विकत घ्यायला तो भराव टाकणारा गोदामवाला कान्हा शेठच तयार बसलाय. निरोपात आत्याने या कान्हा शेठचा जो उद्धार केला, तो इथे लिहिता येत नाही. मी खुशीत टाळ्यांचे इमोजी टाकले.

पाठोपाठ तिच्या सुनेचा, वनितावहिनीचा, मला वेगळा मेसेज. "ताई, टाळ्या कसल्या वाजवता? कान्हा शेठ झेडपीला उभाय आणि आत्या मत त्यालाच देणारेत."

माझं डोकंच सणकलं. बॅग भरली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून रेल्वेने कल्याण गाठा, तिथून शेअर रिक्षा किंवा एसटी. रस्त्याच्या वर मेट्रोचे खांब, खाली खड्डे आणि मध्ये तुम्ही. अंतर फार नाही, पण कंटेनरच्या मागे अडकलात तर देवाचं नाव घ्या. पांढरे कपडे घालू नका. मी घातले होते.

भिवंडीतल्या नारपोलीत चहाला थांबले. गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू, त्यामुळे प्रत्येक जण ओरडूनच बोलतो आणि नवख्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. तिथे खरोखरच चाललं होतं. एक म्हातारे लूममालक टपरीवाल्यापाशी त्यांच्या नगरसेवकाच्या नावाने खडे फोडत होते. तो म्हणे वस्तीतले लूम गावाबाहेर हलवा म्हणून मागे लागलाय.

टपरीवाला म्हणाला, "चाचा, पिछली बार वोट किसको दिया था?"

"उसी को."

"और अगली बार?"

"अरे, उसी को! दूसरा तो फोनच उचलत न्हाय." मग माझ्याकडे वळून एकदम शुद्ध मराठीत, "ताई, शिव्या द्यायला तरी माणूस भेटला पाहिजे ना?"

मी म्हटलं, गेलं! इथे साथ पसरलीये.

जेवायच्या वेळेला कामतघरला होते, म्हणून एका भिस्सीत घुसले. भिस्सी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. डाळ, भात, रोटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी भाजी. पोट तुडुंब, खिसा शाबूत. बायका तिथे सहसा जेवत नाहीत, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे.

संध्याकाळी आत्याकडे पोचले. तांदळाची भाकरी, सुकट आणि स्वागताचं पहिलं वाक्य: "येवडी वालली कशी गं, नवरा खायाला देत न्हाय काय?" मी विषय काढणार तेवढ्यात तिने दुसरी भाकरी वाढली. तोंडात सुकट असताना लोकशाहीवर बोलता येत नाही, हे तिला बरोब्बर माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन एसटीने गणेशपुरीला गेले. गरम पाण्याच्या कुंडांसाठी सकाळी लवकर जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. पाणी सुरुवातीला असं चटकतं की तोंडातून नको ते शब्द येतात, आणि शेजारी सगळे भाविक. आत्या पाय सोडून आरामात बसली. आता ही पळू शकत नाही, असं बघून मी सुरू केलं.

"आत्या, तो तुझं शेत बुडवतोय आणि तू त्यालाच मत देणार?"

"मग कोनाला देऊ? सरांना?"

सर म्हणजे दुसरे उमेदवार. कॉलेजात शिकवतात. शेती वाचली पाहिजे, भराव थांबला पाहिजे, अगदी आत्याच्याच मनातलं बोलतात.

"सर आलंते मागच्या पावसात," आत्या म्हणाली. "बांधावर उभं र्‍हायलं. डोलं भरून आलं तेंचं. मना बोलले, काकी, तुमचं खरं हाय."

"मग झालं तर!"

"काय झालं? पानी येवड्याला येवडंच. मी जे बोलन ते सरांना पटतं. पटलेल्या मानसाशी भांडू कशी? आन् ते र्‍हातात ठान्याला. कान्ह्याचं तसं न्हाय. त्याला मी नागडा बघितलाय. माझ्या मल्यातलं चिबूड चोरताना धरून बडवलाय. आजपन त्याच्या दारात जाऊन आयबाप काढला ना, तरी टॉवेल गुंडालून भायेर येतो, ऐकून घेतो, चा पाजतो."

"पण मोरी काढत नाही!"

"न्हाय काढत मेला," आत्या शांतपणे म्हणाली आणि पाय आणखी खोल सोडले.

मला संताप आला. चहा पाजतो म्हणून मत? मी तिथेच तिला सांगितलं की तुझ्यासारख्यांमुळेच देशाचं वाटोळं होतं. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि आत्याला विचारलं, "पोरगी शिकलेली हाय काय?" आत्या म्हणाली, "हां ना."

तिसऱ्या दिवशी प्रचारफेरी आली. आधी सर. दारात बायका ताट घेऊन उभ्या, कारण दारात आलेल्या उमेदवाराला ओवाळायची इथे रीतच आहे. आत्याने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं, सर नम्रपणे पुढच्या दारी गेले. पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

दुपारी कान्हा शेठ. ढोल, फटाके, गळ्यात साखळ्या, मागे पन्नाससाठ माणसं. शेठने हसत हसत मान खाली वाकवली. आत्याने कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. अक्षतांची चिमूट उचलली. आणि हात तसाच हवेत धरला.

"काकी, लाव ना."

"मोरी कधी काडतंस?"

"काकी, अगं, लोकं बघतात."

"बघू दे. मान वर करू नको."

ढोल थांबला. तुम्हीच सांगा, अर्धवट ओवाळणी सोडून मतं मागायला पुढे कोण जाईल? केवढा अपशकुन! शेठ तसाच वाकलेला, घाम कुंकवातून नाकावर उतरतोय, कार्यकर्ते एकमेकांकडे बघतायत.

"हे तांदूल बघ," आत्या म्हणाली. "माझ्या खाचरातलं शेवटचं. यंदा पन पानी तुंबलं तर फुडच्या खेपेला दुकानातलं तांदूल लावीन तुझ्या कपालाला. चाललं काय?"

शेठने वाकल्या वाकल्याच मागच्या माणसांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पेरणीच्या आत काढतो. रस्त्याखाली दोन पाइप टाकतो. मोठे."

"मग अक्षता पन तवाच," म्हणत आत्याने चिमूट ताटात परत टाकली, नुसतं निरांजन फिरवलं आणि त्याला वाटेला लावलं. मी टाळ्या वाजवल्या. या वेळी खऱ्या.

मतदानाला मी तिच्यासोबत शाळेपर्यंत गेले. वाटेत कान्हा शेठच्या ट्रकने दोघींवर धूळ उडवली, आणि आत्याने ट्रक दिसेनासा होईतो शिव्यांची लाखोली वाहिली. आत गेली. बोटाची शाई फुंकत बाहेर आली.

"कुणाला?"

"त्यालाच. बटन जोरात दाबलं पन. राग व्हता ना."

शेठ निवडून आला, हे मला पुण्यात परतल्यावर कळलं. मला अजून पटलेलं नाही, स्पष्ट सांगते. सर निवडून आले असते तर कदाचित पुढचा भराव थांबला असता, आणखी कुणाची मोरी बुजली नसती. पण एक गोष्ट सोबत घरी आली आणि ती काही जात नाही. आमच्या वॉर्डात मी ज्याला मत दिलं, त्याचं भाषण मला शब्द न् शब्द पटलं होतं. फूटपाथ पायी चालणाऱ्यांचे, वगैरे. आमच्या फूटपाथवर आज गाड्या उभ्या असतात आणि भांडायला जायचं तर त्याचं घर कुठेय हेच मला ठाऊक नाही. शोधायला पाहिजे.

भाताची लावणी झाल्यावर वनितावहिनीने फोटो पाठवला. आत्याच्या दारात कान्हा शेठ, गुडघ्यापर्यंत चिखल, मागे जेसीबी. रुंद कपाळावर भलंमोठं कुंकू, आणि त्यावर तांदळाचा एक दाणा. एकच.

मी लगेच फोन लावला. "आत्या, हे काय?"

"दोन पाइप बोलला व्हता. एकच टाकला, तो पन उशिरानं," आत्या म्हणाली. "पानी उतरतंय, पन सावकाश. अर्दं खाचर वाचंल. मग मी पन एकच दाना लावला."

"तो काही बोलला नाही?"

"इचारत व्हता, काकी, बाकीच्या अक्षता? मी बोल्ले, ताट भरून ठेवलंय."